चमचाभर जड पाणी

दिवाकरराव वांढरे वारले त्याला चार दिवस झाले होते, आणि तेवढ्यात त्यांच्या मरणाची गोष्ट सांगून सांगून पार गुळगुळीत झाली होती. आपल्याकडे रीतच आहे तशी. बसायला आलेला माणूस चपला काढतो, सतरंजीवर भिंतीला टेकतो, घटकाभर फरशीकडे पाहतो आणि विचारतो, "शेवटी काही बोलले का?" मग घरातल्या कोणाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागतं. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या त्या क्वार्टरमध्ये हे काम दिवाकररावांचा मुलगा देवेंद्र करत होता. स्टील प्लांटमध्ये हेडक्लार्क, त्यामुळे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, न कंटाळता आणि नीट क्रमाने सांगायची त्याला सवय होती.

"दुपारी श्वास बदलला," तो सांगायचा. "मी डॉक्टरले आणाले गेलो. वसुंधरा एकटीच होती जवळ. तिनं चमच्यानं गंगाजल पाजलं. तं बाबा काय म्हणतात? गोड हाये म्हणे, साखर टाकली का? आता पाहा, पाण्यात साखर! कोणत्या दुनियेत होते कोण जाणे."

"जाताना माणसाले सारं गोडच लागते बाप्पा," आलेला माणूस म्हणायचा. मग सगळे मिळून एक उसासा टाकायचे आणि विषय आंब्याच्या मोहरावर जायचा.

आतल्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन वसुंधरा उभी असायची. ती दिवाकररावांची सून, देवेंद्रची बायको. प्रत्येक वेळी ती पुढच्या वाक्याची वाट पाहायची. कारण गोष्ट तिथे संपत नव्हती. साखरेचं विचारून झाल्यावर सासऱ्यांनी तिच्याकडे चांगलं रोखून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "वसुंधरा, तुनं सगळं बराबर केलं. दुसरं कोणी नसतं केलं."

मग डोळे मिटले, ते मिटलेच.

हे तिनंच सगळ्यांना रडत रडत सांगितलं होतं. पहिल्या दिवशी देवेंद्रने ते वाक्य अख्खं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचं "मंग हिलेही काही चांगलं बोलले" एवढंच झालं. तिसऱ्या दिवशी "असंच काहीबाही बोलले". चौथ्या दिवशी गोष्ट साखरेपाशीच थांबायला लागली, कारण ऐकणाऱ्यांना तीच आवडत होती. देवेंद्रच्या मनात पाप नव्हतं. नवऱ्यांच्या मनात पाप नसतंच, लक्ष नसतं.

तीस-एक वर्षांपूर्वी ती पवनीहून लग्न होऊन भिलाईला आली. विदर्भाच्या रीतीने सासऱ्यांना मामाजी म्हणू लागली. मामाजी वाईट नव्हते. कधी आवाज चढवला नाही, तिच्या माहेरच्यांना कधी कमी लेखलं नाही. पण कोरडे म्हणजे किती कोरडे! रेल मिलमध्ये रूळ तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. रुळात केसाएवढी चीर दिसली की ते बाजूला काढायचे. त्यांचं म्हणणं, पास झालेल्या रुळाचं कोणी कौतुक करते का? तो पास व्हाले पाहिजेच. घरातही तोच कायदा. भाजी उत्तम झाली तर "चालते". सणाचं पुरण झालं तर "चालते". तिला कधी नावाने हाक मारली नाही. आधी "अवो" आणि मुलगी झाल्यावर "सुमेधाची माय".

मग दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला आणि ते अंथरुणाला खिळले. तेव्हापासून अंघोळ, भरवणं, बेडपॅन, पाठीला पावडर, सगळं वसुंधराने केलं. परक्या पुरुषाचं असं सगळं करताना आधी तिला लाज वाटली, मग कंटाळा आला, आणि मग कधीतरी मायाच लागली. लहान लेकरासारखं ते तोंड पुढे करायचे तेव्हा ती घास अजून मऊ कुस्करून भरवायची. मामाजी मात्र "चालते"च्या पुढे गेले नाहीत.

आणि शेवटच्या घटकेला एकदम नावानिशी एवढं बोलले. तिला ते सोन्याहून मोलाचं वाटलं. पण ते आपलं म्हणून धरावं, तर मध्ये ती साखर येत होती. जाण्याच्या आदल्या दोन दिवसांत मामाजींना खरंच भ्रम झाला होता. देवेंद्रला ते आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारत होते, भट्टी तापली का विचारत होते. डॉक्टर म्हणाले होते, म्हातारपणी अंगातलं मीठ कमी झालं की असं होतं. मग साध्या पाण्याला गोड म्हणणारा माणूस शुद्धीवर होता असं कसं म्हणावं? दोन्ही वाक्यं एका दमात बोललेली. पहिलं भ्रमातलं आणि दुसरं शुद्धीतलं, असं सोयीने कसं वाटून घ्यायचं? वसुंधरा भाबडी असेल, पण स्वतःला फसवणाऱ्यांतली नव्हती. रात्री पडल्या पडल्या ती ते वाक्य मनात म्हणायची आणि स्वतःच खोडायची.

पाचव्या दिवशी सकाळी सुमेधाने फ्रिज पुसायला काढला. सुमेधा वसुंधराची एकुलती एक मुलगी, दिवाकररावांना आबाजी म्हणायची, लग्नाचं नाव काढू देत नव्हती आणि रसायनशास्त्रात पीएचडी करत होती.

"आई, इथं माझी एक छोटी बॉटल होती ना? जड पाण्याची. तू पाहिली का?"

"नाही वो," वसुंधरा म्हणाली, आणि खरंच तिला काही ठाऊक नव्हतं. "कशी होती?"

"एवढुशी, काचेची. झाकणाला पट्टी गुंडाळून सीलबंद केली होती. आबाजीसाठी आणली होती मी. जाऊ दे, मिलेगी कहीं."

वसुंधरा हातातलं काम टाकून देवघरापाशी गेली. सासूबाईंनी काशीहून आणलेली गंगेची तांब्याची लोटी तिथे होती, तोंड डाख देऊन बंद केलेली, कधीच न फोडलेली. आणि तिच्या शेजारी ती बाटली, अर्धी रिकामी. तिच्यावरच्या पांढऱ्या कागदावर सुमेधाच्या अक्षरात इंग्रजीत 'डी-टू-ओ' लिहिलं होतं. त्या दुपारी मामाजींचा श्वास घरघरू लागला तेव्हा लोटीची डाख फोडायला वेळ कुठला? ही बाटली हाताशी दिसली. वसुंधराला वाटलं, मुक्कामाला आलेल्या नणंदबाईंनी येताना आणलं असेल. आजारी माणसाला भेटायला येणारे आणतातच. तिने पट्टी ओरबाडून काढली, तुळशीचं पान बुडवलं आणि चमचाभर पाणी मामाजींच्या तोंडात घातलं.

"रंभाताई," तिने बाहेरच्या खोलीत जपाची माळ ओढत बसलेल्या नणंदेला विचारलं, "हे गंगाजल तुमीच आणलं होतं ना?"

"मी कायले आणू? तुमच्याच फ्रिजात होतं," रंभाताई म्हणाल्या. "अन् तेही अंड्याच्या बाजूले! मीनं सुमेधाले विचारलं, तं ती फोनवर होती, म्हणे हात नको लावू आत्या, साधं पाणी नाही ते. आता गंगाजल कोणी अंड्याजवळ ठेवते का वो? मीनं उचललं, डोळ्याले लावलं अन् देवाजवळ ठेवलं. घरात अंडे खा बाप्पा, मी बोलत नाही, पण देवाचं तं पाहा."

रंभाताईंना वाटलं पाणी घरचं, वसुंधराला वाटलं रंभाताईंचं. दोघींनी एकमेकींना विचारलं असतं तर गोष्टच घडली नसती. पण गंगाजलाबद्दल कोण चौकशी करतं? वसुंधराने ती बाटली पदराआड घेतली आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली.

आता तिला भीती कशाची वाटली ते कळायला आजोबा-नातीचं एक भांडण सांगायला हवं. अंथरुणाला खिळल्यापासून दिवाकररावांनी एकच नाद घेतला होता, की नात इतकी वर्षं शिकून राहिली ती नेमकं काय शिकून राहिली. सुमेधा घरी असली की त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून समजावायची आणि ते कधीच कबूल व्हायचे नाहीत. वसुंधरा स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐकायची.

"हे पाहा आबाजी, सोयाबीनमध्ये एक एन्झाइम असते. म्हणजे कामगारच समजा. तो तेलाच्या कणातून एक हायड्रोजन उपटून काढतो. दाणे वाटले की तो कच्चा उग्र वास येतो ना, तो त्याच्याचमुळे. पण हायड्रोजन काढायचा तर मध्ये एक भिंत आहे. ताकदीची भिंत. ती चढल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही."

"मंग ताकद द्या. गरम करा. आमच्या मिलमध्ये लोखंड लालबुंद झाल्याशिवाय वाकते का?"

"अन् तुमच्या पोटात पोळी पचते, तिथं कोणती भट्टी हाये?"

यावर दिवाकररावांनी मान तिच्याकडे वळवली होती. मग म्हणाले, "सांग."

"हायड्रोजन इतका हलका असतो की तो नेमका भिंतीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ठरलेलंच नसते. कधी कधी तो न चढताच पलीकडे सापडतो."

"भगदाड पाडून?"

"नाही ना. भिंत शाबूत. तो फक्त पलीकडे असतो."

"म्हंजे चोर हाये लेकाचा," दिवाकरराव म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले. "अन् याचा पुरावा काय?"

"पुरावा हाच की हायड्रोजनचा एक जुळा भाऊ असतो, दुप्पट जड. त्याला त्याच कामावर लावला तर तो अडकते. माझ्या सोयाबीनमध्ये काम ऐंशीपट हळू होऊन जाते. नुसतं चढून जायचं असतं तर इतका फरक पडलाच नसता. त्या जड हायड्रोजनचं पाणीसुद्धा असते, दिसायला सेम आपल्या पाण्यासारखं."

"ते प्यालं तं?"

"अंगातलं निम्मं पाणी तसं झालं तर सगळं मंदावते. जनावरं मरतात."

"अन् बर्फ?"

"बर्फ झाला तर तो आपल्या पाण्यात बुडतो. तरंगत नाही."

"बर्फ बुडते? दाखव. तवा मानीन मी," असं दिवाकररावांनी बजावलं होतं. म्हणून सुमेधा लॅबमधून आपल्या गाइड मॅडमना विचारून ती बाटली घेऊन आली. फ्रीजरमध्ये गोळी गोठवून आजोबांना दाखवायची होती. पण त्याच दिवशी त्यांना भ्रम झाला आणि बाटली अंड्यांशेजारी तशीच राहिली.

पोळ्या लाटणाऱ्या वसुंधराच्या डोक्यात त्या सगळ्या बोलण्यातलं तेवढंच राहिलं होतं. जड ते अडकतं, अंगातलं काम मंदावतं, जनावरं मरतात. आणि तिने मामाजींना तेच पाणी आपल्या हाताने पाजलं होतं, आणि घोट गिळल्यावर ते पुढे एवढंसं बोलून गेले होते. ज्या माणसाचं दोन वर्षं सगळं केलं त्याला शेवटी आपणच मारलं! म्हणे बराबर केलं! ते वाक्य आता तिला टोचायला लागलं.

सांगावं तर कोणाला? देवेंद्रला सांगितलं तर तो रंभाताईंना सांगणार, आणि त्या जन्मभर स्वतःला कोसणार. सुमेधाला सांगितलं तर पोरीला वाटणार, माझ्याच बाटलीने आबाजी गेले. पोरीचा त्या म्हाताऱ्यावर किती जीव होता ते वसुंधराने पाहिलं होतं. तिने ठरवलं, गप्प बसायचं. गप्प बसणं तिला नवं नव्हतं. पण हे गप्प बसणं जेवणावर आलं. घास तोंडात फिरायला लागला. बसायला आलेल्यांना देवेंद्र "साखर टाकली का" सांगायला लागला की ती ट्रे टेकवून मागच्या अंगणात निघून जायची.

तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळी मायलेकी दोघीच स्वयंपाकघरात होत्या. उद्याच्या भाज्यांचा ढीग पडला होता. वसुंधरा भेंडी चिरत होती, आणि चिरता चिरता तिने शक्य तेवढ्या सहज विचारलं, "सुमेधा, ते तुझं जड पाणी... चमचाभर कोणाच्या पोटात गेलं, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या, तं लगेच जीव जाते का?"

सुमेधाने आईकडे पाहिलं. विळीवरची भेंडी अर्धीच चिरून राहिली होती.

"आई, काय झालं?"

वसुंधराने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, बाटली काढून मुलीच्या समोर ठेवली आणि तोंडाला पदर लावला. "मले वाटलं गंगाजल हाये. मीनंच पाजलं. मीनं मारलं वो त्यायले."

सुमेधाने उठून आईला दोन्ही हातांनी मिठीत घेतलं, भेंडीच्या चिकट हातांसकट.

"आई, ऐक. ऐक ना. चमचाभराने काही होत नाही. डोंगरावर मुंगी चढली तर डोंगर दबतो का? जनावरं मेली ती अंगातलं अर्धं पाणी बदलल्यावर, तेही कित्येक दिवस पाजून पाजून. अन् चमचाभर तर आबाजींच्या अंगात आधीपासूनच असेल. तुझ्याही आहे, माझ्याही आहे. सगळ्या पाण्यात जड पाणी थोडं थोडं मिसळलेलं असतेच. नळाच्या, विहिरीच्या, गंगेच्यासुद्धा. आपण जन्मापासून ते घेऊनच फिरतो."

"खरं सांगतेस? का माझी समजूत काढतेस?"

"माझ्या थिसिसची शपथ," सुमेधा म्हणाली. याहून मोठी शपथ तिच्याकडे नव्हती हे आईला माहीत होतं.

वसुंधराने डोळे पुसले. छातीवरचा धोंडा उतरला, पण लगेच दुसरं आठवलं. "म्हंजे गंगाजल गेलंच नाही त्यायच्या तोंडात. ते राहूनच गेलं."

"हे पाणीही नदीतूनच काढतात. गोदावरीच्या काठी मोठा कारखाना आहे, मॅडमनी आणलं ते तिथलंच. नदीचं पाणी घ्यायचं अन् त्यातलं जड तेवढं वेगळं करायचं."

"गोदावरी?" वसुंधरा म्हणाली. "कुठंशी?"

"तेलंगणात. प्राणहिता मिळते त्याच्या खाली."

"अवो, मंग त्यात आपली वैनगंगा आली ना! पवनीची वैनगंगा प्राणहितेतूनच तं जाते." वसुंधरा नदीकाठची पोर होती, आणि मामाजीही तिकडचेच. काशीच्या गंगेऐवजी त्यांच्या तोंडात गावची नदी गेली, हे तिला इतकं पटलं की ती जराशी हसली. रंभाताईंना सांगायची वेळ आलीच तर असंच सांगायचं, हेही तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं की सुमेधा हसत नाहीये. ती बाटलीकडे टक लावून पाहत होती.

"आई," ती हळू म्हणाली, "आबाजी म्हणाले ना, गोड आहे?"

"हाव. साखर टाकली का म्हणे. भ्रमात होते."

"भ्रमात नव्हते." सुमेधाने बाटली उचलून धरली. "आई, हे पाणी गोडच लागते! हल्लीच शास्त्रज्ञांनी तपासलं आहे. माणसाच्या जिभेला जड पाणी गोड लागते. उंदराला नाही कळत, माणसाला कळते. नेमकं कावून लागते, ते अजून पुरतं समजलं नाही. पण लागते, पक्कं. मी बाबांच्या तोंडून ते इतक्यांदा ऐकलं अन् मला सुचलंच नाही, कारण मी गंगाजलच समजत होते."

वसुंधराला समजत होतं, पण आत उतरायला वेळ लागत होता.

"थांब," सुमेधा म्हणाली. तिने दोन चमचे घेतले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात बाटलीतले थेंब. "आधी हे घे. आता हे."

नळाचं पाणी म्हणजे नळाचं पाणी. दुसरा चमचा वसुंधराने जिभेवर घेतला आणि डोळे मिटले. उसाच्या रसासारखं बिसारखं काही नव्हतं. पण गोड होतं. साखरेच्या डब्यातला चमचा न धुता पाण्यात बुडवावा तसं हलकं, नक्की गोड. तिने पुन्हा एक थेंब घेतला. पुन्हा गोड.

म्हणजे मामाजींनी जे चाखलं तेच सांगितलं. रूळ तपासल्यासारखं, जसं आहे तसं. त्या क्षणी त्यांची जीभ ठिकाणावर होती, डोकं ठिकाणावर होतं, आणि समोर कोण उभं आहे ते त्यांना नीट दिसत होतं. वसुंधरा चमचा हातात धरून ओट्याला टेकून उभी राहिली. सुमेधाने विचारलं, "पुढे काय म्हणाले होते गं? बाबा नीट सांगतच नाहीत." पण वसुंधरा तो चमचा पुन्हा जिभेला लावत होती.

दुपारी टिकाराम साहू आला. रेल मिलमध्ये दिवाकररावांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःच म्हातारा. धमधा बाजूच्या आपल्या गावी होता, बातमी उशिरा कळली, तसा बसने आला होता. सतरंजीवर बसला, पंच्याने तोंड पुसलं, भिंतीशी ठेवलेल्या दिवाकररावांच्या फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "भैया आखरी में कुछ बोले का?"

देवेंद्रने घसा खाकरला. श्वास बदलला, डॉक्टरला आणायला गेलो, वसुंधराने पाणी पाजलं, हे सगळं त्याने टिकारामसाठी हिंदीतून सांगितलं. "तो बोले, मीठा है. शक्कर डाली क्या? अब बताइए, भ्रम में..."

"भ्रम नव्हता," दारातून वसुंधरा म्हणाली.

देवेंद्र वळला. रंभाताईंची माळ थांबली. वसुंधराने ट्रे खाली ठेवला आणि, इतक्या वर्षांत बाहेरच्या पुरुषांसमोर कधी बसली नव्हती ती, सतरंजीच्या टोकावर बसली.

"पाणी खरंच गोड होतं," ती म्हणाली. "रंभाताई, ते गंगाजल नव्हतं, सुमेधाच्या लॅबचं पाणी होतं. आपल्या दोघींची चूक झाली. पण नदीचंच हाये, वैनगंगेचं, अन् त्यानं काही वाईट झालं नाही. मी स्वतः चाखून पाहिलं आता. गोड लागते. मामाजी बराबर बोलले. शुद्धीत होते."

सुमेधा आईच्या मागे येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना दिसेल अशी होकारार्थी मान हलवली. देवेंद्रला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि त्याची नजर खाली गेली. "मंग पुढचंही..." तो पुटपुटला.

"पुढचंही," वसुंधरा म्हणाली. "मंग ते माझ्याकडं पाहून म्हणाले, वसुंधरा, तुनं सगळं बराबर केलं. दुसरं कोणी नसतं केलं."

टिकारामला मराठी अर्धंमुर्धं येत होतं, पण एवढं त्याला पुरलं. त्याने हात जोडले, फोटोला की वसुंधराला ते कळलं नाही. "भैया कभू लबारी नइ मारिस, बहू," तो म्हणाला. भैया कधी खोटं बोलले नाहीत. "जउन देखिस, तउन बोलिस." जे दिसलं तेच बोलले.

रंभाताई मात्र थांबलेल्या माळेकडेच पाहत होत्या. वसुंधराला धास्ती वाटली. गंगाजलाचं दुःख असेल, की पोटच्या पोरीला सोडून बाप सुनेशी बोलून गेला याचं? रंभाताई माळ मांडीवर ठेवून सरकत सरकत तिच्याजवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"मले त्यायनं जन्मात कदी असं म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "कोणालेच नाही म्हटलं. माझ्या मायलेही नाही." त्यांनी वसुंधराचा हात आपल्या हातात घेतला. "अजून एक बार सांग वो. पुरं सांग."

वसुंधराने सांगायला तोंड उघडलं. "वसुंधरा," ती म्हणाली, मामाजींच्या आवाजात, आणि इतके दिवस धरून ठेवलेलं रडू तिला तिथेच, सगळ्यांसमोर फुटलं.